विश्लेषण : युद्धाच्या बातम्यांत भोंगा वाजवू नका, असे वाहिन्यांना का सांगावे लागले?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कामगार वस्तीत भोंगा म्हटले की पाळी आठवते. मे २०२५ मध्ये मात्र घराघरांतल्या टीव्हीवर हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत होता, तोही बातम्यांचे पार्श्वसंगीत म्हणून. अखेर १० मे रोजी अग्निशमन सेवा, नागरी संरक्षण व गृहरक्षक दल महासंचालनालयाने सांगितले, की जनजागृती वगळता कार्यक्रमांत हा आवाज वापरू नये. लोकांचे कान सरावले, तर खरा भोंगा वाजेल तेव्हा कोणी जागचे हलणार नाही.

वार्ताहर होता कुठे?

युद्धवार्ताहराच्या शब्दाला वजन येते ते तो जागेवर असल्यामुळे. १८५४ मध्ये क्रिमियातून ‘टाइम्स’चा विल्यम हॉवर्ड रसेल सैनिकांचे हाल कळवत राहिला. पुढच्या वर्षी ब्रिटनमधले सरकार गेले, त्यात या वार्तापत्रांचाही वाटा होता. १९९९ मध्ये कारगिलचे युद्ध भारतीयांनी प्रथमच टीव्हीवर पाहिले, तेव्हा वार्ताहर द्रासमध्ये तोफांच्या आवाजात उभे होते. ८ मे २०२५ च्या रात्री मात्र स्टुडिओत बसून कराची बंदर उद्ध्वस्त करण्यात आले. काहींनी इस्लामाबादही घेतले. सगळे खोटे. त्याच दिवसांत पूंछमध्ये तोफमाऱ्याने खरेच नागरिक मरत होते. ती बातमी या गलबल्यात मागे पडली, हे जास्त गंभीर. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत देशभरातून माणसे येतात. ज्याचे घर जम्मूकडे किंवा पंजाबच्या सीमेवर, त्याला गावची खरी खबर हवी असते. रजा टाकून गाडी पकडायची की नाही, हे त्यावर ठरते.

मग नियम काय सांगतो?

महाराष्ट्राने याची किंमत आधी मोजली आहे. २६/११ च्या हल्ल्यात कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या गेल्या आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार त्या पाहून फोनवर सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने, हे राष्ट्रहितासाठी नव्हे तर धंद्यासाठी झाले, असे वाहिन्यांना सुनावले. आता केबल टीव्ही नियमावलीतील ६(१)(त) या कलमानुसार दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करता येत नाही. नियुक्त अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती द्यायची. पहलगाम हल्ल्यानंतर २६ एप्रिल २०२५ रोजी केंद्राने त्याची आठवण करून दिली.

पण कराचीची बातमी थेट प्रक्षेपण नव्हतीच. तिथे लपवण्याजोगी हालचालही नव्हती. तिला हा नियम लागू करायचा तरी कसा? ‘सूत्रांकडून कळते’ म्हणणाऱ्याला ‘तुमचा माणूस तिथे आहे का’ एवढे विचारायला नव्या नियमाची गरज नाही, संपादकाची आहे.

२६ एप्रिलचे सल्लापत्र समाजमाध्यमे वापरणाऱ्यांनाही उद्देशून होते. देहूरोडला लष्करी डेपो, दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर लष्करी वाहनांचा ताफा दिसला म्हणून व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवणाराही त्यात येतो.