आई-मुलगी नव्हे, भावंडे : ज्यू आणि ख्रिस्ती धर्मांचे नाते

१/ ज्यू धर्म ही आई आणि ख्रिस्ती धर्म ही तिची मुलगी, असे सर्रास सांगितले जाते. उपमा सुटसुटीत आहे, पण तिच्यात एक गृहीतक दडले आहे. आईचे कार्य संपले, आता वारसा मुलीचा! या गृहीतकाची किंमत ज्यूंनी अनेक शतके मोजली. म्हणूनच ती इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहायला हवी. (थ्रेड)

२/ मूळ एकच, याविषयी वाद नाही. येशू ज्यू होता, त्याचे पहिले शिष्य ज्यू होते आणि पौलही ज्यूच. एकच ईश्वर, अब्राहामाशी झालेला करार, दहा आज्ञा, संदेष्ट्यांची न्यायाची हाक हे सारे सामायिक धन. 'ख्रिस्त' हा शब्दही हिब्रू 'मसीहा'चा, म्हणजे 'अभिषिक्ता'चा, ग्रीक प्रतिशब्द.

३/ मात्र येशूच्या काळातील ज्यू धर्म आजच्यासारखा नव्हता. जेरुसलेमचे मंदिर, तेथील पुरोहित आणि पशुबळी हे त्याचे केंद्र होते. इ.स. ७० मध्ये टायटसच्या रोमन सैन्याने ते मंदिर उद्ध्वस्त केले. बळी देण्याची जागाच उरली नाही. मग ईश्वराशी नाते टिकवायचे कसे?

४/ रब्बींचे उत्तर होते प्रार्थना, अध्ययन आणि आज्ञापालन. येशूचा मृत्यू हाच अखेरचा बळी, ही श्रद्धा त्याच्या अनुयायांत आधीच रुजत होती; मंदिर पडल्यावर तिला नवे बळ आले. एकाच आघातानंतर दोन वाटा स्पष्ट होत गेल्या.

५/ आता कालक्रम पाहा. नव्या करारातील बहुतेक लेखन पहिल्या शतकातले आहे. रब्बींच्या परंपरेचा पायाभूत ग्रंथ 'मिश्ना' संकलित झाला तो इ.स. २०० च्या सुमारास. म्हणजे 'आई'चा हा ग्रंथ 'मुली'च्या ग्रंथानंतरचा! प्राचीन इस्रायलच्या धर्माची ही दोन अपत्ये आहेत, असे म्हणणेच अधिक सयुक्तिक.

६/ दोघांचा सामायिक ग्रंथही दोघे निराळ्या क्रमाने वाचतात. ज्यूंच्या प्रचलित क्रमात शेवटी 'इतिहास' येतो आणि सम्राट सायरसच्या परवानगीने जेरुसलेमला परतण्याच्या हाकेवर ग्रंथ थांबतो. ख्रिस्ती जुना करार 'मलाखी'पाशी, एलीयाच्या आगमनाच्या आश्वासनावर संपतो आणि पुढचे पान उघडते ते येशूच्या वंशावळीवर. एका वाचनात ओढ परतीची, दुसऱ्यात प्रतीक्षा येणाऱ्याची.

७/ अर्थही बदलतो. आदाम-हव्वेच्या कथेत ख्रिस्ती परंपरेला, विशेषतः ऑगस्टीननंतर, मानवजातीला जडलेले आदिपाप दिसते आणि म्हणून तारणहाराची गरज भासते. ज्यू परंपरा असे आदिपाप मानत नाही. तिच्या दृष्टीने पश्चात्ताप आणि सत्कृत्य यांचा मार्ग माणसाला खुलाच आहे. ईश्वराने देह धारण केला, हे तर तिला मुळीच मान्य नाही.

८/ मतभेद असणे हा दोष नव्हे. दोष शिरला तो सत्तेबरोबर. इ.स. ३२५ च्या नायसिया परिषदेने ईस्टरची तिथी ज्यू पंचांगापासून तोडली. १२१५ च्या लॅटरन परिषदेने ज्यूंना वेगळा पेहराव सक्तीचा केला. १२९० मध्ये इंग्लंडमधून आणि १४९२ मध्ये स्पेनमधून त्यांची हकालपट्टी झाली. यामागे आर्थिक-राजकीय कारणे होतीच, पण 'यांचा करार आता रद्द झाला' या शिकवणुकीने अन्यायाला धर्माचे अधिष्ठान दिले.

९/ येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट सर्व ज्यूंवर लादता येणार नाही, हे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे सांगितले ते १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. तोवर युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंचा नाझींनी संहार केला होता.

१०/ कोकणातील बेने इस्रायल शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी त्यांना हिब्रू शिकवली. त्यांनी ती आनंदाने आत्मसात केली, आपला ग्रंथ वाचला आणि बहुसंख्येने ते ज्यूच राहिले. आईचे कार्य संपले असते, तर हे घडले नसते. भावंडांचे साम्य मोजताना दोघांचे वेगळे जगणेही मान्य करावे लागते.