पंच चुकला, की नियम चुकला?

दोस्तांनो, मैदानावर भांडण जुंपलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. सगळे एकदम बोलायला लागतात. 'तो आउट होता!' 'मुळीच नव्हता!' 'तू मुद्दाम चिडीचा डाव खेळलास!' 'असा नियमच नाही!' शेवटी ज्याची बॅट असते तो बॅट काखोटीला मारून घरी जातो आणि खेळ तिथंच संपतो.

आता ही आरडाओरड जरा नीट ऐका बघू. यात एक नाही, तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. पहिला म्हणतो, जे घडलं ते पंचाने चुकीचं पाहिलं. दुसरा म्हणतो, तू फसवलंस. आणि तिसरा म्हणतो, हा नियमच बरोबर नाही. तिघंही तावातावाने बोलतात, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. मग भांडण मिटणार कसं?

या तिन्ही तक्रारी अगदी स्वच्छ वेगळ्या दाखवणारा एक खेळ आहे. अमेरिकेतला बेसबॉल. तिथे पंचांशी वाद घालणं हा जणू खेळाचाच एक भाग आहे! चला तर, त्यांची तीन भांडणं पाहू या.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. तुमच्या शाळेत सॉफ्टबॉल असेल, तर तुमचं काम सोपं झालं. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार ठिकाणं असतात, त्यांना बेस म्हणायचं. एका बेसपासून दुसऱ्यापर्यंत ९० फूट अंतर. मधल्या उंचवट्यावर पिचर उभा राहतो आणि सुमारे ६० फुटांवरच्या बॅटरकडे चेंडू फेकतो. चेंडू टप्प्यात असूनही बॅटरने सोडला, किंवा बॅट फिरवून हुकला, तर 'स्ट्राइक'. टप्प्याबाहेरचा चेंडू बॅटरने सोडून दिला, तर 'बॉल'. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद; चार बॉल झाले की त्याला पहिला बेस फुकट. चेंडू मारून चारही बेस फिरून आलं की एक धाव. तीन गडी बाद झाले की पाळी बदलते आणि प्रत्येक संघाला अशा नऊ पाळ्या मिळतात. नऊ त्रिक सत्तावीस. म्हणजे एका सामन्यात एका संघाचे २७ गडी बाद करायचे. कळलं? आता पहिलं भांडण.

काय घडलं?

२ जून २०१०. डेट्रॉइट शहर. डेट्रॉइट टायगर्सचा पिचर आर्मांडो गॅलारागा क्लीव्हलँडच्या संघाविरुद्ध खेळत होता. त्याने ओळीने २६ गडी बाद केले होते. एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोचू दिलं नव्हतं. आणखी फक्त एक! तो मिळाला की 'परफेक्ट गेम'. हा मान किती दुर्मीळ आहे सांगू? १८८० सालापासून २०२३ पर्यंत अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये असे सामने झाले अवघे २४.

सत्ताविसाव्या बॅटरने चेंडू जमिनीवरून टोलवला आणि तो पहिल्या बेसकडे धावत सुटला. क्षेत्ररक्षकाने चेंडू उचलून फेकला, गॅलारागाने धावत येऊन तो झेलला आणि बेसवर पाय ठेवला. बॅटर अजून पाऊलभर मागे होता. पण पंच जिम जॉइस यांनी दोन्ही हात पसरले. सेफ!

मैदानात एकच गलका झाला. टायगर्सचे खेळाडू, व्यवस्थापक सगळे पंचांवर तुटून पडले. आणि गॅलारागा? तो नुसता हसला. मग परत उंचवट्यावर गेला, पुढच्या बॅटरला बाद केलं आणि संघाने सामना ३-० असा जिंकला.

सामन्यानंतर जॉइस यांनी टीव्हीवर तो प्रसंग पुन्हा पाहिला. आपण चुकलो हे त्यांनी वार्ताहरांसमोर सरळ कबूल केलं आणि गॅलारागाला भेटून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी त्याच दोन संघांचा सामना होता आणि होम प्लेटमागे पंच होते तेच जॉइस. खेळाडूंच्या नावांचा कागद पंचांच्या हाती द्यायला मुद्दाम गॅलारागाच पुढे आला. जॉइस यांना डोळे पुसावे लागले.

आता विचार करा. इथे नियमाबद्दल कुणाचंच भांडण नव्हतं. बॅटरच्या आधी चेंडू बेसवर पोचला तर बॅटर बाद, हे दोन्ही संघांना मान्य होतं. फसवणुकीचाही प्रश्न नव्हता. प्रश्न एवढाच होता की आधी काय झालं? अशा प्रश्नाचं उत्तर कॅमेरा देऊ शकतो. पण २०१० साली चेंडू होम रन झाला की नाही, एवढ्यापुरतीच कॅमेऱ्याची मदत घेता येत असे. सेफ की आउट यासाठी नाही. म्हणून तो निर्णय बदलला नाही आणि गॅलारागाचा परफेक्ट गेम आजही नोंदवहीत नाही. पुढे २०१४ पासून असे निर्णय तपासायला संघांना मुभा मिळाली. न्यूयॉर्कमधल्या एका केंद्रात बसलेले पंच चित्रफीत पाहून निकाल देतात.

फसवलं का?

दुसरं भांडण मोठं मजेदार आहे. त्याचं नाव 'बॉक'. मराठीत त्याला आपण 'हूल' म्हणू या.

समजा, पहिल्या बेसवर एक धावपटू उभा आहे. पिचरने चेंडू टाकायला सुरुवात करताच त्याला दुसऱ्या बेसकडे पळायचंय. म्हणून तो बेस सोडून चार पावलं पुढे सरकून बसलेला असतो. पिचरही काही कमी नाही. तो अचानक वळून पहिल्या बेसकडे चेंडू फेकू शकतो आणि धावपटूला बाद करू शकतो. इथवर ठीक. पण पिचरने बॅटरकडे चेंडू टाकण्याची नुसती हूल दिली, धावपटू पळाला आणि पिचरने मग त्याला पकडलं तर? मग धावपटूने बेस सोडायचाच कधी? म्हणून नियम सांगतो, हूल द्यायची नाही. दिली तर शिक्षा म्हणून बेसवरचे सगळे धावपटू एकेक बेस पुढे जातील.

पण गोम अशी, की पिचरच्या मनात काय होतं हे पंचाला दिसणार कसं? मन काही दिसत नाही, हातपाय दिसतात. त्यामुळे नियमाने हातापायांच्या हालचालीच बांधून दिल्या. चेंडू टाकण्याआधी हात पुढे आणून क्षणभर थांबलंच पाहिजे. एकदा टाकायला सुरुवात केली की मधेच थांबायचं नाही. उंचवट्यावरच्या पट्टीला पाय टेकलेला असताना चेंडू हातातून निसटला, तरी बॉक. मग तो चुकून का निसटेना!

आता १९८८ ची गंमत ऐका. त्या वर्षी नियमातले शब्द थोडे बदलले. 'थांबा' याऐवजी 'स्पष्ट दिसेल असं थांबा' अशा अर्थाची भाषा आली आणि पंचांना कडक राहायला सांगितलं गेलं. परिणाम? आदल्या वर्षी साडेतीनशेच्या आसपास बॉक झाले होते, ते एकदम ९२४ वर गेले! अमेरिकेतले पिचर एका हिवाळ्यात लबाड झाले की काय? छे! माणसं तीच, हालचाली त्याच. बदलले होते नुसते शब्द. पुढच्याच वर्षी ते शब्द मागे घेतले आणि आकडाही खाली आला.

म्हणून लक्षात ठेवा. पंचाने बॉक दिला म्हणजे 'हा पिचर लबाड आहे' असं तो म्हणत नसतो. ठरलेली हालचाल मोडली, एवढंच म्हणत असतो. आपण मात्र नियम मोडला की लगेच 'चिडका', 'लबाड' असे शिक्के मारून मोकळे होतो! आणि हो, बॉकचा निर्णय कॅमेऱ्याकडे नेता येत नाही. क्षणभर थांबला म्हणजे किती थांबला, हे पंचाच्या नजरेवरच सोपवलेलं आहे.

नियम बरोबर आहे का?

तिसरं भांडण घड्याळाचं. बेसबॉलमध्ये घड्याळ नसे आणि त्याचा तिथल्या लोकांना मोठा अभिमान होता. पण हळूहळू खेळ रेंगाळू लागला. पिचर उंचवट्यावर फेऱ्या मारतोय, बॅटर प्रत्येक चेंडूनंतर हातमोजे सोडून पुन्हा बांधतोय! २०२१ साली नऊ पाळ्यांचा सामना सरासरी तीन तास दहा मिनिटं चालला. बरं, बेसवर कुणी नसेल तर १२ सेकंदांत चेंडू टाकावा, असा नियम पुस्तकात होता. पण तो पाळतोय कोण आणि पाळायला लावतोय कोण!

मग २०२३ च्या हंगामात मैदानावर चक्क घड्याळ आलं. बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत आणि कुणी बेसवर असेल तर २० सेकंदांत चेंडू टाकायला सुरुवात झाली पाहिजे. (२०२४ पासून २० चे १८ झाले.) उशीर पिचरने केला तर एक बॉल. घड्याळात ८ सेकंद उरले तरी बॅटर तयार नसला तर त्याला एक स्ट्राइक. पण मग पिचरने घड्याळ टाळायला पहिल्या बेसकडे पुनःपुन्हा चेंडू फेकला तर? तीही पळवाट बुजवली. एका बॅटरसमोर असं फार तर दोनदा करता येतं. तिसऱ्यांदा केलं आणि धावपटू बाद झाला नाही, तर बॉक!

२५ फेब्रुवारी २०२३ ला फ्लोरिडात अटलांटा ब्रेव्ह्ज आणि बोस्टन रेड सॉक्स यांचा सराव सामना होता. गुण ६-६. शेवटची पाळी, दोघे बाद, तिन्ही बेसवर धावपटू. बॅटर कॅल कॉन्ली. तीन बॉल, दोन स्ट्राइक. पुढच्या चेंडूवर सगळं ठरणार! पंचांनी मधेच हात वर केले. कॉन्लीला वाटलं, पिचरने वेळ घालवला, चौथा बॉल, आपण जिंकलो! तो पहिल्या बेसकडे चालूही लागला. पण उशीर त्याचाच झाला होता. चेंडू न टाकताच तिसरा स्ट्राइक, तो बाद आणि सामना बरोबरीत खलास! प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.

आता सांगा, पंच चुकले का? अजिबात नाही. त्यांनी नियम जसाच्या तसा लावला. प्रेक्षकांचा राग होता नियमावर, पण ओरडले ते पंचांवर. नियमावर राग असेल तर दाद मागायची जागा वेगळी असते. ती म्हणजे नियम करणाऱ्यांची बैठक. हा नियम आधी छोट्या लीगमध्ये करून पाहिला होता. मोठ्या लीगमध्ये सराव सामन्यांपासूनच लावला, तोही खेळाडूंना सवय व्हावी म्हणून. त्या हंगामात सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आला. पण वाद संपला असं समजू नका हं! २०२४ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने तक्रार केली, की विश्रांती कमी मिळते, त्यामुळे पिचरांच्या हातांना धोका आहे. लीगला ते पटलं नाही. असा वाद चालू राहायला हरकत नाही. खेळ थांबत नाही, एवढंच महत्त्वाचं.

घड्याळाचं आपल्याला तरी नवल कशाला? कबड्डीत पूर्वी खेळाडूचा दम हेच घड्याळ होतं. आता प्रो कबड्डीत चढाईला ३० सेकंद मिळतात. आंतरराष्ट्रीय एकदिवसीय आणि टी-२० क्रिकेटमध्येही दोन षटकांमध्ये ६० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घालवायला बंदी आली आहे.

मग यंत्रच पंच केला तर?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. दक्षिण कोरियाच्या लीगने २०२४ पासून स्ट्राइक की बॉल हे ठरवण्याचं सगळं काम यंत्राकडे दिलं. अमेरिकेने वेगळा मार्ग निवडला. २०२६ च्या हंगामापासून निर्णय पंचच देणार, पण प्रत्येक संघाला दोन वेळा यंत्राकडे दाद मागता येणार, असं ठरलं. दाद मागायची फक्त पिचर, कॅचर किंवा बॅटरने, तीही लगेच, स्वतःच्या डोक्यावर टपली मारून! दाद बरोबर ठरली तर ती संधी शिल्लक राहते.

पण यंत्रालाही आधी सांगावं लागतं, की टप्पा कुठून कुठपर्यंत धरायचा. बॅटरच्या उंचीच्या २७ टक्क्यांपासून साडेत्रेपन्न टक्क्यांपर्यंत, असं त्याला सांगितलं आहे. हे आकडे ठरवले कुणी? माणसांनीच! यंत्र 'काय घडलं' ते सांगेल. 'काय असायला हवं' हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी भांडण झालं की आधी विचारा, आपलं भांडण नेमकं कशाबद्दल आहे? काय घडलं याबद्दल असेल, तर पंचाचा शब्द शेवटचा. त्याचं चुकेलही, पण खेळ चालू राहील. फसवणुकीबद्दल असेल, तर मनातलं ओळखायला जाऊ नका. हाताने-पायाने काय केलं तेवढंच बोला. आणि नियमाबद्दल असेल, तर आजचा डाव आजच्या नियमाने संपवा आणि उद्या खेळण्याआधी सगळे मिळून नियम बदला. डाव चालू असताना नियम बदलला, तर तो ज्याचा आवाज मोठा त्याचा नियम होतो.

आईबाबांनो, शाळेच्या सामन्याला गेलात की तुम्हीही हे आठवा बरं का. तुम्ही पंचांवर ओरडता तेव्हा तुमचं मूल तुमच्याकडेच बघत असतं.

आता तुम्हीच पंच व्हा! खालच्या तीन तक्रारींपैकी कुठली कुठल्या जातीची ते ओळखा.

१. 'चेंडू टप्पा पडून भिंतीला लागला, सरळ लागला नाही!'

२. 'गोलंदाज धावत येतो आणि मुद्दाम मधेच थांबतो!'

३. 'एक टप्पा, एक हात म्हणजे आउट, हे काही बरोबर नाही!'

उत्तरं कारणांसह लिहून पाठवा. पत्ता नेहमीचाच. आणि हो, तुमच्या मैदानावर एखादा खास तुमचाच नियम असेल, तर तोही कळवा. तो का केला, हे लिहायला मात्र विसरू नका!