रँक ३८८

शारीरिक चाचणीत ५० पैकी ५०, तेही सगळे जुने रेकॉर्ड मोडून. लेखीत मात्र ५० पैकी २१. एकूण ७१ आणि पासिंग ७०. पृथ्वीवरचा सगळ्यात ताकदवान माणूस एका मार्कानं काठावर पास! मग त्याला काय मिळतं? सी-क्लास, रँक ३८८. यादीच्या पार तळाशी. त्याच्याबरोबर परीक्षेला बसलेल्या जेनोसला १०० पैकी १०० आणि थेट एस-क्लास. (उंच, सोनेरी केस, हँडसम, वर सायबॉर्ग. अशा लोकांना कुठल्याच इंटरव्ह्यूत कधी प्रॉब्लेम येत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेलच.) गंमत म्हणजे हाच जेनोस त्या ७१ मार्कवाल्याला 'सेन्सेई' म्हणत त्याच्या मागे मागे फिरतो.

तर हा ७१ मार्कवाला म्हणजे सैतामा. 'वन पंच मॅन' या जपानी अ‍ॅनिमेचा हिरो. वय २५, टक्कल अंड्यासारखं गुळगुळीत, पिवळा सूट, लाल ग्लोव्हज आणि खांद्यावर पांढरी केप. सैतामा हे टोकियोला चिकटून असलेल्या एका प्रीफेक्चरचंही नाव. तिथून रोज लाखो लोक ट्रेननं टोकियोतल्या ऑफिसात येतात. म्हणजे आपल्याकडे सुपरहिरोचं नाव 'डोंबिवली' ठेवण्यातलाच प्रकार!

'वन' या टोपणनावानं लिहिणाऱ्या माणसानं २००९ मध्ये हे कॉमिक स्वतःच नेटवर टाकायला सुरुवात केली. चित्रं अशी, की वहीच्या मागच्या पानावर लेक्चर चालू असताना काढलेली वाटावीत. २०१२ मध्ये युसुके मुराता या कसलेल्या चित्रकारानं ते नव्यानं काढायला घेतलं आणि २०१५ मध्ये मॅडहाउस स्टुडिओचा अ‍ॅनिमे आला. फंडा एका ओळीचा आहे. हिरो कुणालाही एका ठोशात गार करतो, आणि म्हणूनच जाम बोअर झालाय.

पण मला यातली मारामारी फारशी लक्षात राहत नाही. लक्षात राहतं ते ऑफिस. कारण इथले हिरो चक्क एका संस्थेत नोकरी करतात. हिरो असोसिएशन! एस, ए, बी, सी असे क्लास, प्रत्येक क्लासमध्ये रँक, कामगिरीनुसार वर-खाली. राक्षसांनाही ग्रेड आहेत, वुल्फ, टायगर, डेमन, ड्रॅगन आणि गॉड. सी-क्लासवाल्यांना आठवड्यातून एक तरी चांगलं काम दाखवावंच लागतं, नाहीतर नाव कट. हे कळल्यावर आपला सैतामा गावभर 'कुणी गुन्हा करतंय का' म्हणून धावत सुटतो, आणि त्या आठवड्यात गाव नेमकं शहाण्यासारखं वागत असतं. महिनाअखेरीला टाइमशीट भरताना तीन तास कशात दाखवू म्हणून डोकं खाजवणाऱ्यांना वेगळं काही सांगायला नको.

ही असोसिएशन निघाली कशी, ते तर कहरच आहे. तीन वर्षांपूर्वी सैतामा बेकार होता. एका इंटरव्ह्यूत नापास होऊन सूट-टाय घालून रस्त्यानं येताना त्याला क्राब्लांटे भेटतो. खेकडे खाऊन खाऊन स्वतःच खेकडा झालेला माणूस! एका पोरानं मार्करनं त्याच्या अंगावर चित्रं काढलीत, म्हणून तो त्या पोराच्या जिवावर उठलाय. सैतामाकडे तेव्हा ना ताकद ना ट्रेनिंग. तो मार खातो, आणि शेवटी गळ्यातल्या टायनंच त्या खेकड्याचा निकाल लावतो. आपल्या रोजच्या टायचा इतका सदुपयोग मी दुसरीकडे कुठेच पाहिलेला नाही. पुढे अगोनी नावाचा एक श्रीमंत माणूस, आपल्या नातवाला कुणा अनोळखी माणसानं राक्षसापासून वाचवलं म्हणून भारावून जातो आणि असोसिएशन काढतो. तो अनोळखी माणूस म्हणजे सैतामाच. ज्याच्यामुळे कंपनी उभी राहिली, तोच तीन वर्षांनी तिथे फ्रेशर म्हणून ७१ मार्कांवर जॉइन होतो, आणि हे ना त्याला माहीत ना कंपनीला.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. सी, बी आणि ए, तिन्ही क्लासमध्ये पहिल्या रँकवर बसलेल्या हिरोला वर जायचंच नाहीये! पण कारणं बघा. ए-क्लासचा नंबर वन स्वीट मास्क. सिनेमात काम करतो, गातो, पोरी त्याच्यावर मरतात. तो मुद्दाम दारात खुर्ची टाकून बसलाय, म्हणजे त्याच्या मते लायक नसलेलं कुणी आपल्याला ओलांडून एस-क्लासमध्ये जाऊ नये. बी-क्लासची नंबर वन फुबुकी. हिची बहीण तात्सुमाकी एस-क्लासमध्ये दुसरी, आणि वरच्या क्लासमध्ये स्वीट मास्क. तिथे गेलं तर पहिला नंबर जाणार, म्हणून ही बीमध्येच स्वतःचा ग्रुप करून राहते. नवीन हुशार कुणी आलं की एकतर ग्रुपमध्ये ये, नाहीतर तुला वर येऊ देत नाही! आणि सी-क्लासचा नंबर वन मुमेन रायडर. 'मुमेन' म्हणजे लायसन्स नसलेला. 'कामेन रायडर' ही जपानची १९७१ पासूनची गाजलेली टीव्ही मालिका, तिच्या नावावरची ही कोटी. हिरो मोटरसायकलवर फिरतात, हा सायकलवर. सायकलचं नाव 'जस्टिस'. बी-क्लासचं काम आपल्याला झेपणार नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून तो प्रमोशन घेत नाही. बास, एवढंच.

मी हे सांगितलं तेव्हा आमच्या टीममधली एक मैत्रीण सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म भरत होती. म्हणाली, "अगं, तो पहिला कोण ते मला लगेच कळलं. दुसरी पण कळली. तिसरा आपल्याकडे कुठंय?" मग आम्ही दोघी गप्प झालो, कारण तो आमच्या दोघींच्या मध्येच बसतो. रात्री दोनला सर्व्हर पडला की फोन त्यालाच जातो. सकाळच्या कॉलवर त्याचं नाव येत नाही. सर्व्हर चालू असतो ना, मग कशाला येईल?

असो. व्हिलन मंडळींकडे वळू. पहिल्याच भागात व्हॅक्सिन मॅन नावाचा राक्षस प्रदूषण, पृथ्वी, मानवजात यावर लांबलचक प्रेझेंटेशन देतो आणि एका ठोशात संपतो. मग डॉ. जीनस, क्लोन बनवणारा महाविद्वान. त्याचा खतरनाक प्रयोग कार्नेज काबुतो ऐन लढाईच्या भरात असताना सैतामा अचानक ओरडतो, कारण आज शनिवार आहे आणि सुपरमार्केटचा सेल बुडाला. पुढे हेच जीनस महाशय सगळं संशोधन सोडून ताकोयाकीची, म्हणजे ऑक्टोपसच्या वड्यांची, गाडी लावतात. हॅमरहेड नावाच्या टकलू गुंडाची तर मागणीच 'आम्हाला काम करायचं नाही' अशी आहे. (सोमवारी सकाळी याला व्हिलन म्हणणं जड जातं.) सैतामा त्याला सोडून देतो. शेवटी येतो बोरोस, विश्वातला सगळ्यात ताकदवान लुटारू. तोडीस तोड कुणीतरी भेटेल या भविष्यवाणीवर तो २० वर्षं प्रवास करून पृथ्वीवर आलाय, कारण तोही बोअर झालाय. मरताना त्याला कळतं की समोरच्यानं पूर्ण जोर लावलेलाच नव्हता. मला त्याचं खरंच वाईट वाटलं.

सैतामाच्या ठोशांचं श्रेय मग जातं कुठं? बरंचसं किंगकडे. एस-क्लास, रँक सात, 'जगातला सर्वांत शक्तिशाली माणूस'. तो उभा राहिला की छातीतून इंजिनासारखा धडधडाट येतो आणि राक्षस घाबरून पळतात. प्रत्यक्षात बिचाऱ्याचं काळीज भीतीनं धडधडत असतं. सैतामानं राक्षस मारायचा आणि निघून जायचं, तिथे योगायोगानं हा उभा, की श्रेय याचं. घरी हा व्हिडिओ गेम खेळतो. पण लेखक त्याला व्हिलन करत नाही. सैतामाला सगळं कळतं, तरी तो चिडत नाही. दोघं गेम खेळतात आणि सैतामा दरवेळी हरतो.

आता नववा भाग. समुद्रातून डीप सी किंग आलाय, धो धो पाऊस पडतोय, लोक शेल्टरमध्ये कोंडलेत. भारी भारी रँकवाले एकेक करून आडवे झालेत, एका लहान मुलीला वाचवताना जेनोसही वितळलाय. तेवढ्यात सायकलवरून मुमेन रायडर येतो. आपण हरणार हे त्याला माहीत आहे, आणि तो ते तोंडानं सांगतोसुद्धा. तरी उभा राहतो, आपटला जातो, पुन्हा उभा राहतो. मग सैतामा पोचतो. एक ठोसा, ढग फाटतात, खेळ खलास. आणि गर्दीतला एक शहाणा म्हणतो की, एवढ्या सहज मेला म्हणजे राक्षसच लेचापेचा असणार, बाकीचे हिरो उगाच हरले.

सैतामा एक क्षण थांबतो. मग हसत हसत जाहीर करतो की आधीच्या लोकांनी राक्षसाला दमवलं होतं, मी शेवटी येऊन आयतं श्रेय लाटलं, सगळ्यांना सांगा! म्हणजे शिव्या याला, आणि हरलेल्यांची इज्जत शाबूत. नंतर ओडेनच्या, मुळा-अंडी उकळलेल्या गरम रश्श्याच्या, एका गाडीवर मुमेन रायडर त्याचे आभार मानतो. त्या गर्दीत खरं काय झालं हे कळलेला तो जवळजवळ एकटाच.

दुसऱ्या सीझनमध्ये (२०१९) गारो येतो, आणि कॉमेडी जरा घशात अडकते. हा माणूस हिरोंची शिकार करतो. लहानपणी टीव्हीवरच्या मालिकेत राक्षस दरवेळी हरतो, याचा त्याला राग यायचा. शाळेच्या खेळात राक्षस कायम तोच. हिरो कोण? अर्थात वर्गातला पॉप्युलर मुलगा. आता हा मोठा झालेला गारो तारेओ नावाच्या एका चिडवल्या जाणाऱ्या पोराकडून हिरोंची गाइडबुक घेतो, ज्यात सगळ्यांचे रँक छापलेत, आणि त्यावरूनच पुढचा हिरो निवडतो. असोसिएशनची रँकिंग इतक्या मनापासून वाचणारा माणूस अख्ख्या मालिकेत हा एकच! आणि सगळ्यांशी वाकडं असलेला हाच गारो त्या पोराला मात्र वाचवतो. सैतामा अधूनमधून नकळत त्याला लोळवतो. नाव विचारायच्याही भानगडीत पडत नाही.

दुसऱ्या सीझनपासून स्टुडिओ बदलला, काम जे. सी. स्टाफकडे गेलं आणि फॅन्सनी अ‍ॅनिमेशनवरून खूप आरडाओरडा केला. २०२५ च्या ऑक्टोबरात तिसरा आला तेव्हा त्याहून जास्त. तक्रारीत दम आहे, पहिल्या सीझनची सर नाही. तेव्हा वीकेंडला पहिल्यापासून लावा. बाराच भाग आहेत, जेवता जेवता दोन होतात. फक्त नववा जेवताना नको.