होस्ट्स फाइल, प्रॉक्सी आणि घरचा नियम



मुलांच्या संगणकावर गेमच्या किंवा नको त्या साइट्स बंद करण्यासाठी बऱ्याच घरांत होस्ट्स फाइलचा उपाय करतात. पैसा लागत नाही, ती फाइल विंडोजमध्ये आधीपासूनच असते. पण आमच्या महिला मंडळात एक तक्रार हमखास निघते, "नाव लिहिलं हो, पण साइट उघडतेच!" याचं कारण बहुतेक वेळा प्रॉक्सी असतं. हा विषय मुलांवर किंवा दुकानातल्या पोरावर सोडून देऊ नये असं माझं मत आहे. घराचा जमाखर्च सांभाळणाऱ्या बाईला हे सहज समजतं.

आपल्या पिढीला टेलिफोनवरून लगेच कळेल. फोनशेजारी नंबरांची वही असायची. आधी वही बघायची, त्यात नाही सापडला नंबर तर १९७ ला विचारायचं. संगणकही तसंच करतो. साइटचं नाव आपल्या सोयीसाठी, त्याला लागतो आकड्यांचा पत्ता. तो आधी होस्ट्स फाइल बघतो आणि तिथे नसेल तर डीएनएस नावाच्या चौकशी खात्याला विचारतो. आपण त्या वहीत नको असलेल्या साइटच्या नावाआधी ०.०.०.० असा कुठेच न लागणारा नंबर लिहून ठेवतो. वहीत नंबर मिळाला म्हणून संगणक चौकशी करत नाही, आणि फोन काही लागत नाही.

ही वही जुनी आहे. इंटरनेट बाल्यावस्थेत असताना अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधून सगळ्या संगणकांची एकच यादी ठेवली जाई, आणि ते केंद्र एलिझाबेथ फाइनलर या बाई चालवत होत्या. संगणक वाढले, यादी पुरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. वही मात्र प्रत्येक संगणकात राहून गेली.

आता प्रॉक्सी. समजा तुम्ही स्वतः फोन लावतच नाही. कोपऱ्यावरच्या पीसीओवाल्याला सांगता, "अमक्यांना जोडून द्या." नंबर तो त्याच्या वहीत बघणार. तुमच्या वहीत काय खोटं लिहिलंय याच्याशी त्याला काय देणंघेणं? नेहमीच्या वेब प्रॉक्सीत हेच होतं. ब्राउझर साइटचं नाव जसंच्या तसं प्रॉक्सीकडे पाठवतो, पत्ता तिकडे शोधला जातो आणि आपली होस्ट्स फाइल न उघडता राहते.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठला आलाय प्रॉक्सी? एक तर ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीने बसवलेला असतो. दुसरं म्हणजे ब्राउझरमध्ये "फ्री व्हीपीएन" नावाने जी एक्स्टेंशन्स मिळतात, त्यातली बरीचशी आतून प्रॉक्सीच असतात. आणि इथे एक गोम आहे. होस्ट्स फाइल बदलायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो. प्रॉक्सीची सेटिंग मात्र साध्या खात्यातूनही बदलते आणि एक्स्टेंशन तर कोणीही टाकतं. म्हणजे पुढच्या दाराला गोदरेजचं कुलूप आणि मागच्या दाराला नुसती कडी.

मग काय करावं? फाइलची आधी एक प्रत काढून ठेवा. नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. फाइल सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम ३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरांच्या आत असते. एका ओळीत आकडे, मग जागा सोडून साइटचं नाव. आकडे इंग्रजीच हवेत. डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू लावून आणि न लावता अशा दोन वेगळ्या ओळी लिहा, कारण ही फाइल अक्षर न् अक्षर जुळवते. सेव्ह करताना नावापुढे टीएक्सटी लागू देऊ नका, आणि संगणक एकदा बंद करून चालू करा.

त्यानंतर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात प्रॉक्सी बघा. कारण नसताना चालू असेल तर बंद करा. कामासाठी ठेवावाच लागत असेल तर तिथे अपवादांची चौकट असते, "या पत्त्यांसाठी प्रॉक्सी वापरू नका" अशा अर्थाची. बंद करायच्या साइट्सची नावं अर्धविराम देऊन तिथेही लिहा. मग त्या नावांपुरता ब्राउझर पीसीओवाल्याकडे न जाता स्वतः नंबर लावायला जातो आणि आपल्या वहीत अडकतो. फाइल आणि प्रॉक्सी एकत्र नांदवायची ही खरी युक्ती. एक्स्टेंशनचा प्रॉक्सी मात्र ही चौकट जुमानेलच असं नाही, ते काढूनच टाकावं. कंपनीच्या लॅपटॉपला हात लावू नका, तो आपला नव्हे.

फुकटच्या प्रॉक्सीची मला गेमपेक्षा जास्त धास्ती वाटते. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीतल्या कितीतरी दुकानांत एकाच संगणकावर टॅली, जीएसटी, नेट बँकिंग चालतं आणि संध्याकाळी त्यावरच नातू बसतो. कुठल्या साइटवर जातो हे मधल्या माणसाला दिसतं. एक्स्टेंशनला सगळी पानं वाचायची परवानगी दिली असेल तर पानावर टाइप केलेलंही दिसू शकतं. अनोळखी माणसाच्या हाती आपण गल्ल्याची किल्ली देतो का?

सरकारी बंदीचीही हीच गत. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने कायद्याने बंदी आणली. तो कायदा मला हवाच होता. पण साइट अडवली तरी प्रॉक्सीची वाट शोधणारा शोधतोच. मग कुलूप लावायचंच कशाला? मी म्हणते लावावं. सहज, कंटाळा आला म्हणून होणारा क्लिक त्याने थांबतो, आणि घरातलं बरंचसं नुकसान त्या सहज क्लिकनेच होतं. ज्याने ठरवूनच ठेवलंय त्याच्याशी बोलावं लागतं, त्याला फाइल पुरी पडत नाही.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव आठवा. सुमारे ३,००० वस्तीचं गाव. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या महिलांच्या सभेत भोंगा घ्यायचं ठरलं. संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की टीव्ही, मोबाइल बंद, ते साडेआठपर्यंत. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर सांगत फिरले. कुठलीही साइट त्यांनी अडवली नव्हती. भोंगा सगळ्या गावाला ऐकू जायचा आणि आई-वडिलांचा फोनही त्याच वेळी खाली ठेवायचा होता, म्हणून ते पोरांच्या गळी उतरलं.

घरातली यादीही अशीच उघड असावी. चोरून साइट बंद केली तर मूल चोरून वाट काढायलाच शिकतं. यादी कागदावर लिहा, कारण सांगा, फ्रिजवर लावा. त्यात मोठ्यांच्याही दोन साइट्स असू द्या. दुपारी साड्यांच्या साइटवर आपला किती वेळ जातो ते आपल्याला ठाऊक आहे! पासवर्ड कोणाकडे राहील तेही सगळ्यांसमोर ठरवा.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहिते. ही युक्ती सुनेच्या किंवा मोठ्या मुलीच्या संगणकावर तिच्या नकळत वापरायची नाही. आपल्याकडे नियम घेतात तो स्वतःच्या तोंडाने, दुसऱ्याच्या नावाने नियम घेता येत नाही. लहान मुलांसाठी आई-वडिलांनी ठरवावं, ते त्यांचं कर्तव्यच आहे. जाणत्या माणसाने स्वतःहून "माझी ही साइट बंद करा" म्हटलं तर जरूर करावी. त्याखेरीज तिथे हात लावणं ही पाळत झाली, आणि पाळतीने घरातला विश्वास जातो. तो परत आणायला कुठलीही फाइल उपयोगी पडत नाही.

या रविवारी मुलांना शेजारी बसवून आधी प्रॉक्सीचं पान उघडून बघा. फाइल त्यानंतर.