अंगठा का घेत नाही?

२०२० च्या मे महिन्यात उत्तर प्रदेश सरकारने लखनौहून ‘बीसी सखी’ योजना जाहीर केली. दर ग्रामपंचायतीला एक याप्रमाणे सुमारे ५८ हजार बायका गावोगावी बँकेची कामे करतील, पहिले सहा महिने त्यांना दरमहा ४,००० रुपये मिळतील, पुढे कमिशनवर भागेल, असा तो बेत. सखीच्या हाती एक मोबाइल आणि त्याला वायरीने जोडलेले ठसे घेणारे छोटे यंत्र. खात्यात आलेली मनरेगाची मजुरी असो की म्हातारपणाची पेन्शन, त्या यंत्रावर बोट ठेवले की पैसे हातात पडतात. पडले नाहीत की मलिहाबादच्या आमराईपासून मेळघाटापर्यंत भाषा बदलते, तक्रार मात्र तीच राहते. अंगठा घेत नाही.

या तक्रारीमागे निदान चार कारणे असू शकतात. मजुरीने बोटाच्या रेषा झिजल्या असतील. फोनने यंत्र ओळखलेच नसेल. बोट नीट टेकायच्या आत वेळ संपली असेल. किंवा ठसा व्यवस्थित घेतला गेला, पण आधारच्या नोंदीशी जुळला नाही. चारांवरचे उपाय वेगवेगळे आहेत आणि प्रणालीला हा फरक कळतो. यंत्राकडून ७०० हा आकडा आला तर वेळ संपली, ७२० आला तर यंत्र तयार नाही. आधारच्या सर्व्हरकडून ३०० आला तर ठसा जुळला नाही. सखीच्या पडद्यावर येईपर्यंत मात्र या आकड्यांचे एकच ‘एरर’ होऊ शकते. ते जिथे होते, ती जागा म्हणजे अ‍ॅपमधला शे-दोनशे ओळींचा एक तुकडा. प्रोग्रामर त्याला हेल्पर क्लास म्हणतात.

बँकेचे अ‍ॅप स्वतः ठसा घेत नाही, त्याला ती परवानगीच नाही. यंत्र बनवणाऱ्या कंपनीची ‘आरडी सर्व्हिस’ नावाची वेगळी सेवा फोनमध्ये बसवलेली असते. अ‍ॅप तिला सांगते, एक बोट घे, इतका वेळ थांब. ती ठसा घेते, त्या एका व्यवहारापुरत्या बनवलेल्या किल्लीने एईएस-२५६ पद्धतीने तो कुलूपबंद करते, ती किल्ली आधार प्राधिकरणाच्या २०४८ बिटांच्या सार्वजनिक किल्लीने बंद करते आणि मोहोरबंद लखोटा अ‍ॅपच्या हाती देते. अ‍ॅपने तो न फोडता पुढे पाठवायचा. फोडायचे म्हटले तरी फुटत नाही. हेल्पर क्लासचे काम एवढेच, की सेवेला नीट विचारायचे आणि तिचे उत्तर नीट ऐकायचे.

ही व्यवस्था २०१७ मध्ये सक्तीची होऊ लागली. त्याआधी साधे यंत्र ठसा अ‍ॅपकडे सोपवायचे आणि पुढची जबाबदारी अ‍ॅपची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष कृती दलाने (एसटीएफ) कानपूरमध्ये दहा जणांना पकडले. ही टोळी आधार नोंदणी करणाऱ्या अधिकृत ऑपरेटरांचे ठसे बटर पेपरवर छापून त्यांच्या नकली प्रती तयार करी आणि फेरफार केलेल्या सॉफ्टवेअरमधून नोंदण्या करी. ते प्रकरण नोंदणीचे होते, पैसे काढण्याचे नव्हे. दोन्हींची गल्लत करू नये. पण त्यातून एक गोष्ट दिसली, की एन्क्रिप्शनला कोणी हातही लावला नाही. चोर गेले ते बाजूच्या वाटेने, जिथे माणूस आणि सॉफ्टवेअर एकमेकांना भेटतात. हेल्पर क्लास बसतो तो अशाच सांध्यावर. आणि तिथले डॉक्युमेंटेशन बहुधा ‘कॅप्चर सुरू करते’ एवढ्या एका ओळीत आटोपलेले असते.

त्या एका ओळीत काय काय राहून जाते? पहिली गोष्ट वेळ. सेवेला किती थांबायचे ते मिलिसेकंदांत सांगावे लागते. नव्या मुलाने दहा सेकंद समजून १० लिहिले, तर सेवेला सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो आणि गावभर अंगठा घेत नाही. दुसरी गोष्ट, चाचणीचे वातावरण आणि खरे वातावरण यांच्या किल्ल्या वेगळ्या असतात. ती खूण चुकली तर लखोटा तयार होतो, पण मुख्य सर्व्हरला उघडता येत नाही.

तिसरी गोष्ट खरी छळणारी. सप्टेंबर २०२० मध्ये अँड्रॉइड ११ आले आणि त्यात खासगीपणाचा एक चांगला नियम आला. फोनमधली इतर अ‍ॅप्स एखाद्या अ‍ॅपला आपोआप दिसणार नाहीत, कोणाशी बोलायचे आहे ते आधी जाहीर करावे लागेल. नव्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ज्या अ‍ॅप्सनी ते जाहीर केले नाही, त्यांना आरडी सर्व्हिस शोधूनही सापडेना. फोनमध्ये सेवा बसवलेली आणि पडद्यावर ‘सेवा इन्स्टॉल करा’. बिचारा वापरणारा ती काढतो, पुन्हा घालतो, फोन बंद करून सुरू करतो. हेल्पर क्लासच्या डोक्यावर दोन वाक्यांचे टिपण असते, तर ही कसरत टळली असती.

मग २०२३ चा फेब्रुवारी. नकली ठशांना आळा घालायला प्राधिकरणाने ठशातले बिंदू आणि बोटाचे पूर्ण चित्र असे दोन्ही तपासणारी पद्धत आणली. अ‍ॅपच्या बाजूला बदल जेमतेम एका आकड्याचा होता, ठशाच्या प्रकारासमोर ० ऐवजी २. पण तो आकडा कशाचा, हे जिथे लिहूनच ठेवलेले नाही, तिथे एवढा बदल करायलाही कोणाचा हात धजत नाही. मूळ लिहिणारा तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. २०२२ अखेर आधारवरच्या पडताळण्या ८,८२९ कोटींच्या घरात गेल्या होत्या आणि रोजची सरासरी ७ कोटींची होती. इतक्या रहदारीच्या रस्त्यावर पाटी नसणे हा निव्वळ आळस म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

आणखी एक नोंद कुठल्याही टिपणात ठळक हवी. लखोट्यात ठसा असतो, आधार क्रमांक त्याच्या बाहेर असतो. चुका शोधताना सोयीचे म्हणून सगळी विनंती लॉगमध्ये छापायची सवय प्रोग्रामरांना असते. ठसा सुरक्षित राहतो, पण क्रमांक फोनच्या नोंदींत उघडा पडतो. ‘हे छापू नका’ हे तीन शब्द लिहायला मिनिटही लागत नाही.

हा आळस फक्त भारतीय नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एन्क्रिप्शन वापरणारी ११,७४८ अँड्रॉइड अ‍ॅप्स तपासली, तेव्हा ८८ टक्के अ‍ॅप्समध्ये निदान एक तरी चूक निघाली. गणित पक्के होते, ते हाक मारून वापरणारा कोड कच्चा होता. २०१६ मध्ये गूगलला पासवर्डपासून किल्ली बनवण्याची एक चुकीची पण सर्वत्र नकललेली रीत बंद करायची होती. जुना डेटा वाचता यावा म्हणून त्यांनी एक हेल्पर क्लास दिला आणि त्याच्या नावाची सुरुवातच ‘इनसिक्युअर’ अशी केली. तो वापरणाऱ्याला दर वेळी स्वतःच्या हाताने ‘असुरक्षित’ असे टाइप करावे लागे. डॉक्युमेंटेशन वाचायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी याहून नामी युक्ती सापडणे कठीण.

यावर बँकांच्या सुरक्षा विभागातून एक आक्षेप ठरलेला येतो. इतके सविस्तर लिहून ठेवले तर चोरालाच नकाशा मिळेल. लखनौला या युक्तिवादाचा जुना अनुभव आहे. १८५७ च्या वेढ्यात रेसिडेन्सीत अडकलेले इंग्रज आणि त्यांच्या सुटकेला बाहेरून येणारी फौज यांच्यात जासूदांच्या हाती चिठ्ठ्या जात, आणि पकडल्या गेल्या तरी वाचता येऊ नयेत म्हणून काही मजकूर इंग्रजीच, पण ग्रीक अक्षरांत लिहिलेला असे. ती युक्ती टिकली, पण समोर ग्रीक अक्षरे येणारा एक माणूस असता तर सगळेच उघडे पडते. पुढे १८८३ मध्ये ऑगुस्त केरखोफ्स या डच भाषातज्ज्ञाने नियम मांडला, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालले पाहिजे, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. आधार प्राधिकरणाने स्वतः आरडी सर्व्हिसचे तपशील सर्वांसाठी प्रसिद्ध केले आहेत, ते याच विचाराला धरून. मग तिला हाक मारणाऱ्या तुकड्याबद्दल एवढी लपवाछपवी कशासाठी?

प्राधिकरणाचे विभागीय कार्यालय लखनौच्या गोमतीनगरात आहे आणि बीसी सखींचा मोठा राबता याच राज्यात आहे. सुरुवात इथूनच व्हावी. बोट, डोळ्यांतली बुबुळे आणि आता चेहरा, या तिन्ही सेवांना पुरेल असा एक नमुना हेल्पर क्लास टिपणांसकट खुला करावा, वर आवृत्ती आणि तारीख असावी, आणि तो बदलण्याची जबाबदारी कोणत्या विभागाची हेही लिहिलेले असावे. आधार पडताळणी करणाऱ्या संस्थांचे दरवर्षी ऑडिट होतेच. त्यात एन्क्रिप्शन आहे का, या प्रश्नाला जोडून कोणता आकडा आला की पडद्यावर नेमके काय दिसते, असा तक्ता मागावा आणि तो हिंदी, मराठी, जिथली जी भाषा असेल तीत मागावा. ७२० समोर ‘यंत्राची वायर काढून पुन्हा लावा’ असे लिहिलेले असावे. ३०० समोर ‘दुसरे बोट लावून पाहा, नाही जमले तर चेहरा किंवा बुबुळांची सोय कुठे आहे ते ग्राहकाला सांगा’ असे, आणि त्या सोयीचा जवळचा पत्ता.