पोट दुखतंय म्हणते, तर दुखतंयच

शाळेची रिक्षा दारात उभी आणि लेक बेंबीवर हात धरून पलंगावर. मैत्रिणींनो, अशा सकाळी तुम्हीही पाहिल्या असतील. मी एकदा वैतागून म्हटलं, "पुरे झाली तुझी नाटकं!" ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं अजून विसरले नाही.

ओवा झाला, बेंबीवर हिंग झाला, जंताचं औषध झालं, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली. रक्त, शौच, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही." घरात त्याचा अर्थ निघाला, पोरगी खोटं बोलते! माझं भांडण आहे ते या अर्थाशी. रिपोर्टमध्ये दिसत नाही म्हणजे दुखतच नाही, हे ठरवलं कुणी? आतडं आणि मेंदू यांच्यात सतत निरोपांची ये-जा चालू असते. काही मुलांच्या बाबतीत ही यंत्रणा फार हळवी होते, मग साधा गॅससुद्धा कळ होऊन जाणवतो. परीक्षेची धास्ती त्यात भर घालते, पण कळ खरीच असते.

यावर संमोहन, असं ऐकलं तेव्हा मी हसलेच. डोळ्यांपुढे स्टेजवरचा जादूगार आला. प्रत्यक्षात मूल आडवं पडतं, डोळे मिटतं, सावकाश श्वास घेतं आणि ऐकलेल्या वर्णनाप्रमाणे कल्पना करतं, एवढंच. शुद्ध हरपत नाही. अमेरिकेतल्या २००९ च्या एका अभ्यासात मुलं अशी कल्पना करायची की, एक चमकती वस्तू तळहातात विरघळतेय आणि तो ऊबदार हात पोटावर ठेवला की आत उजेड पसरतोय. नेदरलँड्समध्ये तर ८ ते १८ वर्षांच्या २६० मुलांवर अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्मी मुलं तज्ज्ञाकडे गेली, निम्म्यांनी घरीच सीडी ऐकून तीन महिने सराव केला. वर्षभरानंतर तज्ज्ञाकडच्या शंभरातल्या ७१ जणांना चांगला फरक होता आणि घरच्यांपैकी ६२ जणांना. घरबसल्या एवढं म्हणजे कमी नाही हो!

मात्र आधी डॉक्टर, हे विसरू नका. वजन घटणं, शौचातून रक्त, ताप, सारख्या उलट्या, उंची न वाढणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यातलं काहीही असेल तर कल्पनाबिल्पना बाजूला ठेवून आधी तपासणी.

मराठीतली अशी सीडी आमच्या गावात मिळेना. डॉक्टरांना विचारून मीच रात्री हळू आवाजात बोलायला लागले. पहिल्या दिवशी बोलता बोलता माझंच लक्ष दूध उतू जाण्याकडे! लेकीने चमकत्या वस्तूऐवजी आजोळच्या ओढ्यातला गोटा निवडला. दुखणं एका रात्रीत गेलं नाही. अधूनमधून अजून दुखतं. पण "दुखतंय का गं?" असं दर तासाला विचारणं मी सोडलं, आणि तिचे शाळेचे खाडे कमी झाले.

बालरोगतज्ज्ञांना माझी विनंती आहे, "काही नाही" म्हणून फाईल मिटू नका. दुखण्याचं कारण मुलालाही कळेल असं पाच मिनिटं समजावून सांगा. जमलं तर असं एखादं रेकॉर्डिंग आपल्या बोलीत करून द्या, मोबाईल तर आता घरोघरी आहे.

परवा सकाळी रिक्षा आली तेव्हा लेक पोटावर हात ठेवून पायरीवर बसली होती. म्हणाली, "आई, थांबायला सांग त्यांना. दोनच मिनिटं, माझा गोटा अजून विरघळतोय."