आठवणी गेल्या म्हणजे माणूस गेला?

आमच्या धंद्यात एक सवय लागते, सगळ्याकडे डेटा म्हणून बघायची. "मी म्हणजे नक्की कोण?" असं विचारलं तर आमच्यातले बरेच जण पटकन सांगतील, "मी म्हणजे माझ्या आठवणी. शरीर काय, हार्डवेअर! बदललं तरी चालेल, डेटा शाबूत पाहिजे."

आता गंमत बघा. हे काही आपल्या पिढीचं डोकं नाही. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९४ साली जवळपास हेच मांडलं. राजपुत्राची जाणीव, आठवणींसकट, एखाद्या चांभाराच्या शरीरात गेली, तर ती व्यक्ती कोण? लॉक म्हणतो, राजपुत्रच.

१७८५ मध्ये थॉमस रीडने यातला बग दाखवला. लहानपणी फळं चोरली म्हणून मार खाल्लेला मुलगा पुढे लष्करी अधिकारी होतो आणि म्हातारपणी जनरल. अधिकाऱ्याला तो मार आठवतोय. जनरलला अधिकारी असतानाचे पराक्रम आठवतात, पण मार साफ विसरलाय. म्हणजे मुलगा आणि अधिकारी एकच, अधिकारी आणि जनरल एकच, पण मुलगा आणि जनरल मात्र वेगळे! असलं लॉजिक कोड रिव्ह्यूत कुणी पास करेल का?

बरं, हे झालं कागदावरचं. हेन्री मोलेसन हा खराखुरा माणूस होता. १९५३ साली अमेरिकेत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, फिट्स थांबवण्यासाठी त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर २००८ मध्ये वारेपर्यंत त्याला नवीन असं जवळजवळ काहीच लक्षात ठेवता आलं नाही. पण ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला. आपण हे आधी केलंय, हे त्याला दरवेळी ठाऊकच नव्हतं! शब्दकोडी सोडवायची आवड, सौम्य स्वभाव, हे सगळं टिकलं. पंचावन्न वर्षं तो हेन्रीच होता.

मग "मी" फक्त आठवणींच्या फोल्डरमध्ये राहतो, हे मला काही पटत नाही. तो हातात असतो, सवयीत असतो, बोलण्याच्या ढबीत असतो.

हा नुसता शनिवार सकाळचा बौद्धिक चाळा नाही. माझ्या आजीला स्मृतिभ्रंश झालाय. मला ती तिच्या भावाच्या नावाने हाक मारते. पण ताटात तांदूळ दिले की बोटं बरोबर खडे शोधून काढतात. तिला भेटून गेलेले नातेवाईक जिन्यात हळूच म्हणतात, "आता त्या त्या राहिल्या नाहीत हो."

या वाक्याला माझा विरोध आहे. वाईट हेतूने कुणी म्हणत नाही, मान्य. पण "त्या त्या राहिल्या नाहीत" असं एकदा ठरलं की भेटायला यायचं कारणच संपतं. आणि खरंच, येणं कमी होतं.

तिचा आजार हेन्रीसारखा एका जागी थांबणारा नाही. उद्या बोटंही विसरतील. तेव्हा ही कोण, हे तिला सांगता येणार नाही, पण आम्हाला सांगता येईल. तिची ओळख थोडी आमच्याकडेही आहेच की! ती सांभाळायची तर जात राहायला हवं, तिच्याशी बोलत राहायला हवं. तिने कुठल्याही नावाने हाक मारली, तरी ओ द्यायला हवी.